व्हिडिओ सगळे बघून झालेत, पण खरा सीटी समोर आला की मुलं गप्प

पत्र: "नमस्कार मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजमध्ये रेडिओलॉजीची असिस्टंट प्रोफेसर आहे. तिन्ही वर्षांचे मिळून आमच्याकडे नऊ रेसिडेंट आहेत आणि शिकवणारे आम्ही तिघं. मुलं हुशार आहेत, व्हिडिओ बघतात, अँकी अॅपवरची पाठांतराची कार्डं करतात, टेलिग्रामवरच्या पीडीएफ वाचतात, स्पॉटर विचारला की पटकन उत्तर देतात. पण रात्री ड्युटीवर खरा सीटी समोर आला की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही आणि मला फोन येतो. आता डिपार्टमेंटला अडीच लाख रुपये मिळणार आहेत, एचओडी सर म्हणतात एखादं मोठं ऑनलाइन सबस्क्रिप्शन घेऊन टाकू. कोणतं घ्यावं? आणि त्याने खरंच फरक पडेल का?"

नमस्कार डॉक्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा 'स्पॉटर विचारला की पटकन उत्तर देतात' या वाक्यावर थांबले, कारण मला वाटतं सगळी अडचण तिथेच आहे. स्पॉटर म्हणजे काय, तर कुणीतरी आधीच स्कॅनच्या पाचशे स्लाइसमधून, म्हणजे कापांमधून, एक निवडली, बरोबर विंडो, म्हणजे कुठल्या छटा ठळक दिसाव्यात ती सेटिंग, लावली, आजार मधोमध येईल अशी क्रॉप केली आणि मग विचारलं की ओळखा. म्हणजे आपलं निम्म्याहून जास्त काम दुसऱ्याने करून दिलं. उरलेलं काम तुमच्या मुलांना येतं, चांगलं येतं. शोधायचं काम मात्र त्यांना कुणी मनापासून करायला दिलेलंच नाही, आणि रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतून आलेल्या सीटीवर बाण काढलेला नसतो, त्यात काही आहे की नाही हेही कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आधीच सांगून टाकते, अडीच लाख सबस्क्रिप्शनमध्ये घालू नका. निदान सगळे तरी नाहीच. का ते सांगते.

आधी फुकट काय आहे ते बघू, कारण ते भरपूर आहे आणि चांगलं आहे. रेडिओपीडिया तुमच्या मुलांच्या मोबाइलमध्ये आधीच असणार. फ्रँक गेलार्ड या ऑस्ट्रेलियन न्यूरोरेडिओलॉजिस्टनी २००५ मध्ये सुरू केलेली ती साइट आज जगभरातले रेडिओलॉजिस्ट मिळून लिहितात. पण बहुतेक मुलं ती विकिपीडियासारखी वाचतात, म्हणजे आजाराचं नाव टाकलं, लेख वाचला, खालचे फोटो बघितले, झालं. तिचा खरा उपयोग केसेसचा आहे. तुम्ही स्वतः केसेसची प्लेलिस्ट बनवू शकता, आणि निदान लपवून फक्त हिस्ट्री आणि इमेजेस दाखवायची सोय तिथे आहे. ते करा. दुसरी म्हणजे रेडिऑलॉजी असिस्टंट, नेदरलँड्समधल्या रॉबिन स्मिटहाउस यांची. ही जे-आर-वनसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी, सोनं आहे, चेस्ट एक्सरे कसा वाचायचा, एचआरसीटीमध्ये, म्हणजे फुप्फुसाच्या बारीक कापांच्या सीटीत, पॅटर्न कसा ठरवायचा, हे तिथे इतकं क्रमाने आणि चित्रांसकट समजावलंय की पहिल्या सहा महिन्यांत दुसरं काही नाही वाचलं तरी चालेल. युरोपियन सोसायटीची युरोरॅड आहे, तिथे तपासून घेतलेल्या केसेस आहेत, थर्ड इयरवाल्यांनी चाळावी. इंटर्न आणि एमबीबीएसच्या मुलांना एक्सरे शिकवायचा असेल तर ब्रिटनमधली रेडिऑलॉजी मास्टरक्लास पुरे. टेलिग्रामवरच्या चोरीच्या पीडीएफबद्दल फार बोलत नाही, फक्त एवढंच की आपण शिकवणाऱ्यांनी तरी त्या ग्रुपवर फॉरवर्ड करू नयेत, मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात.

पण या सगळ्या साइट्सची एक मर्यादा आहे आणि ती त्यांची चूक नाही. तिथल्या बहुतेक केसेसमध्ये विंडो आधीच ठरलेली असते. ज्याने केस टाकली त्याने महत्त्वाच्या सीरीज निवडून दिलेल्या असतात. आणि केस टाकली म्हणजे त्यात काहीतरी असणारच, हे मुलाला उघडायच्या आधीच माहीत असतं.

विंडोचं उदाहरण देते. लकव्याचा पेशंट दोन तासांत येतो, प्लेन सीटी, म्हणजे कॉन्ट्रास्ट न देता, होतो. ग्रे मॅटर आणि व्हाइट मॅटर यांच्यात मुळातच दहाएक हाउन्सफिल्ड युनिटांपलीकडे (सीटीत घनता मोजायचं एकक) फरक नसतो, आणि नुकता झालेला इन्फार्क्ट (रक्त न मिळालेला मेंदूचा भाग) म्हणजे तो एवढासा फरक पुसला जाणं. नेहमीच्या ब्रेन विंडोत, म्हणजे विड्थ (छटांचा पट्टा केवढा) ८० आणि लेव्हल (त्या पट्ट्याचा मध्य) ४०, ते डोळ्यांना सहज निसटतं. तीच विड्थ ४० वर आणली की इन्सुला या मेंदूच्या भागाची कड गेलेली दिसायला लागते. सीटीच्या मूळ डेटात चार हजारांवर पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये राखाडीच्या फक्त २५६, त्यामुळे एकदा फोटो झाला की मुलगा काहीही करो, ती माहिती परत येत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोचं तर बोलायलाच नको. विंडो फिरवणाऱ्या हाताला जी सवय लागते ती फोटो बघून लागत नाही. मूळ डायकॉम, म्हणजे स्कॅनरमधून निघालेली फाईल, उघडायला द्यावंच लागतं.

आता माझं सांगते. मी फर्स्ट इयरला असताना रात्री एक बाइक अॅक्सिडेंटचा मुलगा आला, बावीस-तेवीस वर्षांचा. अॅब्डॉमेनचा सीटी केला, स्प्लीन (प्लीहा) फाटलेली स्पष्ट दिसत होती, मी सर्जरीच्या रजिस्ट्रारला फोन केला, व्यवस्थित ग्रेडिंग सांगितलं आणि मनात म्हटलं छान झालं. सकाळी सरांनी तोच सीटी उघडला, सगळ्यात वरच्या सात-आठ स्लाइसवर गेले, लंग विंडो लावली आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोथोरॅक्स होता, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा. लहान होता, पण तो मुलगा तासाभरात व्हेंटिलेटरवर ऑपरेशनला जाणार होता, आणि त्या दाबाने तो वाढू शकतो. सरांनी तिथूनच थिएटरला फोन केला, आयसीडी, म्हणजे छातीतली हवा काढायची नळी, टाकली, मुलगा घरी गेला. माझ्या मात्र ते अंगावर आलं ते अजून आहे. मला न्यूमोथोरॅक्स ओळखता येत नव्हता का? येत होता, स्पॉटरमध्ये दहा वेळा बरोबर सांगितला होता. एक मोठं सापडलं आणि मी शोधायचं थांबवलं. याला आपल्याकडे सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च म्हणतात, १९६० च्या दशकापासून त्यावर लिहिलं गेलंय, पण ते नाव पाठ असणं आणि रात्री स्वतःला थांबवता येणं यात खूप अंतर आहे.

आणि हे फक्त शिकाऊंचं होतं असंही नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ट्रॅफ्टन ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना चेस्ट सीटीत नोड्यूल, म्हणजे छोट्या गाठी, शोधायला बसवलं आणि शेवटच्या केसमध्ये एका गोरिलाचं चित्र घातलं, साध्या नोड्यूलच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांची हालचाल मोजली होती, तर न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर बरोब्बर त्याच्यावरून गेली होती! म्हणजे नजर जाणं आणि दिसणं वेगळं. तुमच्या मुलांना हा प्रयोग नक्की सांगा, त्यांना रात्री आपण एकटेच चुकतो असं वाटत असेल तर थोडा धीर येईल, आणि ठरलेल्या क्रमाने वाचायची सवय का लावतोय तेही कळेल.

तर मग काय करायचं. तुमच्या डिपार्टमेंटची स्वतःची टीचिंग फाईल बनवा. आमच्या वेळी स्टीलच्या कपाटात ब्राउन पाकिटांमध्ये फिल्म ठेवलेल्या असायच्या, त्याला म्युझियम म्हणायचो, पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटायच्या आणि उन्हाळ्यात कुणीतरी नेऊन परत आणायचं नाही, तरी त्या कपाटाने आम्हाला जे शिकवलं ते फार होतं कारण ते आमच्याच जिल्ह्यातले पेशंट होते. आता तेच कॉम्प्युटरवर करायचंय. ऑर्थँक नावाचा डायकॉम सर्व्हर आहे, बेल्जियममधल्या लीएजमध्ये सेबास्तियन जोदोन यांनी सुरू केलेला, पूर्ण फुकट, साध्या विंडोज पीसीवर चालतो. त्याला ओएचआयएफ हा व्ह्यूअर जोडता येतो, मग डिपार्टमेंटच्या नेटवर्कवर कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये केस उघडते, स्क्रोल होते, विंडो बदलते, मोजमाप घेता येतं. तुमच्या पॅक्सच्या (हॉस्पिटलच्या इमेज साठवणाऱ्या सिस्टिमच्या) इंजिनिअरला एक दिवस बसवलं तर होऊन जाईल. जागेची काळजी करू नका, एक स्लाइस साधारण अर्धा एमबी, म्हणजे पाचशे स्लाइसचा सीटी २५० एमबी, अशा शंभर केसेस २५ जीबीत बसतात, आजकाल पेनड्राइव्हही त्याहून मोठा असतो. हे नेटवर्क बाहेर इंटरनेटवर मात्र उघडू नका.

इथे एक काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात जपून करायचं आहे, ते म्हणजे पेशंटची ओळख काढणं. ऑर्थँकमध्ये अॅनॉनिमाइझचं बटण आहे, ते फाईलच्या आतली नाव-नंबरची माहिती काढतं. पण इमेजवरच छापलेलं नाव ते काढत नाही. सोनोच्या प्रत्येक फ्रेमवर नाव असतं, सीटीच्या शेवटी जी डोसची शीट येते तिच्यावर असतं, आणि कित्येक ठिकाणी रिक्विझिशन फॉर्म स्कॅन करून त्याच स्टडीत टाकलेला असतो. तो उघडला तर नाव, गाव, वॉर्ड, सगळंच! म्हणून प्रत्येक केस सेव्ह केल्यावर पहिल्या स्लाइसपासून शेवटच्या सीरीजपर्यंत एकाने डोळ्यांनी बघायचीच. डोक्याच्या सीटी-एमआरआयमधून तर चेहराही परत उभा करता येतो, २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या लोकांनी ८४ जणांचे एमआरआय घेऊन चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातले ७० बरोबर जुळवून दाखवले. त्यामुळे ही फाईल डिपार्टमेंटच्या भिंतीआडच राहू दे. सुपरिटेंडेंट साहेबांची लेखी परवानगी घ्या. ऑब्स्टेट्रिक सोनोच्या केसेस ठेवणार असाल तर लिंग कळेल अशी एकही फ्रेम त्यात नको, गर्भलिंग तपासणीबंदीचा पीसीपीएनडीटी कायदा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता फाईल झाली, तर ती वापरायची कशी, कारण नुसती बनवून ठेवली तर ती पण कपाटच होईल. माझा एकच हट्ट आहे. उत्तर दिसायच्या आधी मुलाने लिहून मोकळं व्हायचं. तोंडी नाही, लिहून. गुगल फॉर्म पुरतो, त्यात चार-पाचच गोष्टी विचारा, काय दिसतंय, कुठल्या स्लाइसवर, तुझं पहिलं निदान काय, सर्जनला फोन करायचा का आणि केला तर पहिलं वाक्य काय बोलशील, आणि किती खात्री आहे. फॉर्म सबमिट झाल्यावरच फायनल रिपोर्ट आणि पुढे पेशंटचं काय झालं ते दिसेल असं ठेवा. यात पेशंटचं नाव-नंबर काही टाकायचं नाही, फक्त टीचिंग फाईलचा केस नंबर.

लिहून घ्यायचं कारण असं की आपण सगळेच उत्तर बघितल्यावर 'हो हो, मला हेच वाटत होतं' म्हणतो, आणि ते खोटंही नसतं, आपल्याला खरंच तसं वाटतं. लिहिलेलं असलं की मग पळवाट नाही. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग शिकवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. काही मुलांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. तुमची मुलं व्हिडिओ दुप्पट स्पीडने बघतात आणि त्यांना त्या क्षणी सगळं कळलेलं असतं, तीच ही पाच मिनिटं.

केसेस मिसळून ठेवा. हा आठवडा चेस्ट, पुढचा न्यूरो असं लावलं की सोपं वाटतं, कारण मुलाला उत्तर कुठल्या डब्यात आहे ते आधीच कळतं. कॉर्नेल आणि ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये हेच चित्रकारांच्या बाबतीत करून बघितलं, एकेका चित्रकाराची चित्रं सलग दाखवली आणि दुसरीकडे मिसळून दाखवली, नंतर न बघितलेलं चित्र कुणाचं ते ओळखायला मिसळलेलं जास्त उपयोगी पडलं, आणि गंमत म्हणजे शिकणाऱ्या बहुतेकांना उलटंच वाटत होतं. तुमची मुलंही तक्रार करतील की मॅडम गोंधळ होतोय. होऊ द्या, रात्री पण केसेस मिसळूनच येतात.

आणि नॉर्मल केसेस घाला. हे मी तुम्हाला हात जोडून सांगते. मी म्हणेन निम्म्या घाला. ऑनलाइन क्विझमध्ये प्रत्येक इमेजमध्ये काहीतरी असतंच, त्यामुळे मुलाला 'काही नाही' म्हणायची सवयच लागत नाही, मग तो रात्री नॉर्मल ब्रेन सीटीत बेसल गँग्लियातलं (मेंदूच्या आतल्या भागातलं) साठलेलं कॅल्शियम ब्लीड म्हणून सांगतो, पेशंट रात्रीत शंभर किलोमीटर लांब मोठ्या हॉस्पिटलला पाठवला जातो, आणि घरच्यांनी अॅम्ब्युलन्सला उसने पैसे काढलेले असतात. 'नॉर्मल' असं ठामपणे लिहिता येणं हे रेडिओलॉजिस्टचं कौशल्य आहे, ते शिकवावं लागतं, आणि ते शिकवणारी केस तुमच्याच पॅक्समध्ये रोज वीस-पंचवीसच्या संख्येने पडून असते.

याच्या जोडीला तुमच्या डिपार्टमेंटच्या स्वतःच्या चुका ठेवा. रात्री रेसिडेंटने काय प्रोव्हिजनल दिलं आणि सकाळी फायनल काय गेलं, जिथे फरक पडला ती केस त्याच दिवशी फाईलमध्ये. नाव कुणाचंही नाही. आधी तुमची स्वतःची एखादी चुकलेली केस लावा, मग बघा मुलं कशी मोकळी होतात. मी माझा तो न्यूमोथोरॅक्स दर नव्या बॅचला पहिल्या महिन्यात दाखवते, आणि तेव्हापासून अॅब्डॉमेनच्या सीटीत लंग बेस लंग विंडोत आधी बघायचे हे मला कुणालाही दोनदा सांगावं लागलेलं नाही.

शिकवायची वेळ कुठून आणायची हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, तिघं जण आणि एवढं वर्कलोड. आठवड्यातून दोन वेळा वीस मिनिटं पुरतात. आदल्या रात्रीपर्यंत सगळ्यांनी तीन केसेसचे फॉर्म भरायचे, सकाळी तुम्ही फक्त जिथे उत्तरं फाटली तिथेच बोलायचं. जे सगळ्यांना आलं त्यावर वेळ घालवायचा नाही. आणि कृपा करून झूमवर स्क्रीन शेअर करून केस दाखवू नका, व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये छोटे नोड्यूल विरघळून जातात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माउस तुमच्या हातात राहतो. ज्याचा माउस तो शिकतो. प्रत्येकाने आपापल्या स्क्रीनवर केस उघडायची, तुम्ही फक्त आवाज.

अँकी बंद करायला सांगू नका बरं का. क्लासिफिकेशन, मोजमापं, कॉन्ट्रास्ट दिल्यावर फेज किती सेकंदांनी घ्यायची, हे पाठच असावं लागतं आणि त्यासाठी ते उत्तम आहे. एआय चॅटबॉटचंही तसंच, स्वतःचं डिफरन्शियल, म्हणजे शक्य निदानांची यादी, लिहून झाल्यावर 'यात काय राहिलं' एवढं विचारायला हरकत नाही, त्यातलं प्रत्येक वाक्य पुस्तकात पडताळून बघायचं, आणि पेशंटची इमेज तिथे चढवायची नाही म्हणजे नाही. टीबीच्या एक्सरेचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आलं असेल, डब्ल्यूएचओने २०२१ पासून १५ वर्षांवरच्या लोकांच्या स्क्रीनिंगसाठी त्याला मान्यता दिली आहे, तर शिकणाऱ्याने आधी स्वतःचं वाचन लिहायचं आणि मगच त्याचा संशयाच्या जागा दाखवणारा रंगीत नकाशा उघडायचा. आधी नकाशा बघितला की डोळा तिथेच जाऊन बसतो आणि बाकीचा एक्सरे, विशेषतः एपेक्स (फुप्फुसाचं वरचं टोक), हार्टच्या मागची जागा आणि डायफ्रामच्या खालचा भाग, बघायचाच राहून जातो.

सोनोग्राफीचं मात्र ऑनलाइन काही होत नाही. प्रोब मुलाच्या हातात आणि तुम्ही शेजारी, दुसरा रस्ता मला तीस वर्षांत सापडलेला नाही.

आता पैसे. एक बऱ्यापैकी पीसी सर्व्हरसाठी, बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क, आणि रेसिडेंट रूममध्ये दोन चांगले मॉनिटर, कारण मुलं सध्या मोबाइलवर चेस्ट एक्सरे शिकतायत आणि ते मला खरंच बघवत नाही. एवढं करून पैसे उरले तर एचओडी सरांना सांगा की स्टॅटडीएक्ससारखं एक रेफरन्स सबस्क्रिप्शन वर्षभरासाठी घेऊ, रिपोर्टिंग रूममध्ये ठेवायला, दुर्मिळ केस आली की उघडायला चांगलंच आहे. पण ते घ्यायच्या आधी ट्रायल मागा आणि ट्रायलच्या दिवसांत कुणी किती वेळा उघडलं ते मोजा. मी एका ठिकाणी होते तिथे असं सबस्क्रिप्शन तीन वर्षं भरलं गेलं आणि पासवर्ड फक्त क्लार्ककडे होता, रेसिडेंटना ते आहे हेच माहीत नव्हतं.

सरांना पटवायला एवढी मोठी योजना सांगू नका. महिनाभर जुन्याच एखाद्या कॉम्प्युटरवर बारा केसेसनी सुरू करा, मुलांनी भरलेले फॉर्म प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवा, पहिल्या आठवड्याचे आणि चौथ्या आठवड्याचे शेजारी शेजारी. ते स्वतः शिकवणारे आहेत, त्यांना दिसेल.

आणि पहिल्या दिवशीची पहिली केस म्हणून एक संपूर्ण नॉर्मल ब्रेन सीटी लावा, हिस्ट्री 'पडून डोक्याला मार, एकदा उलटी'. कुणाला काही सांगू नका. नऊ फॉर्ममध्ये काय काय येतं ते मला नक्की कळवा.